वायुदाब व बंद पात्रातील पाणी

पालथ्या, हवाबंद पात्रातील पाणी बाहेरच्या हवेच्या दाबाने आत धरले जाण्याचा आविष्कार. कोंबड्यांचे पाणपात्र आणि उपसा पंप यांत बाहेरच्या हवेचा दाब कामाला येतो; जलविद्युत केंद्राच्या दाबनळात मात्र त्यापासून जपावे लागते.

तत्त्व : पालथ्या पात्राचे तोंड पाण्यात बुडलेले असले, की आत हवा शिरायला वाट राहत नाही. पाणी किंचित खाली सरकले, तरी वरची कोंडलेली हवा विरळ होते आणि बाहेरचा जास्त दाब पाणी तोलून धरतो. पाणपात्रातील पातळी कडेच्या छिद्राखाली गेली, की हवेचा बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी बाहेर येते. छिद्र बुडताच प्रवाह थांबतो. वरच्या भागाला चीर गेल्यास सर्व पाणी वाहून जाते. उन्हात कोंडलेली हवा फुगून पाणी बाहेर ढकलते, म्हणून पात्र सावलीत ठेवावे.

मर्यादा : शास्त्रज्ञ ई. तोरिचेल्ली यांनी १६४३ मध्ये पाऱ्याच्या स्तंभाने वायुदाब दाखवला. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मी. उंचीचे पाणी तोलतो. मुळशी तलाव (पुणे जिल्हा) समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर असल्याने तेथे ही मर्यादा सुमारे ९.६ मी. आहे. पाण्याची वाफ आणि नळातील घर्षण यांमुळे प्रत्यक्ष उपसा याहून कमी होतो.

मुळशी व भिरा : मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखालील भिरा (रायगड जिल्हा) येथे दाबनळातून वीजनिर्मितीसाठी सोडले जाते. टाटांचे हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. पाण्याची उतरण सुमारे ५०० मी. आहे. अशा दाबनळात वरची झडप मिटली आणि खालून पाणी वाहून गेले, तर आत निर्वात होतो व बाहेरची हवा पोलादी नळ चेपू शकते. म्हणून नळाच्या माथ्याशी हवा आत घेणारी झडप किंवा उघडी नळी ठेवतात. पाणपात्रात हवा रोखणे हे यश; येथे वेळेवर हवा आत घेणे हीच सुरक्षितता.

वासुदेव प्याला : पाणी आतल्या मूर्तीतील कृष्णाच्या पायाला लागताच रिकामा होणारा प्याला; आतील वक्रनळीमुळे असे घडते. वक्रनळीत वायुदाबाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

इतर उपयोग : पाण्याच्या जारचे डिस्पेन्सर.

शेतीपंप : चोषणनळाच्या सांध्यातून हवा शिरली, की ‘मोटारीने हवा धरली’ असे म्हणतात आणि पंप पाणी उचलत नाही. सांधे पक्के करावेत, फूटव्हॉल्व्ह (चोषणनळाच्या तळाची झडप) तपासावा, पंपात पाणी भरून तो सुरू करावा. मुळशीच्या उंचीवर पंप पाण्याच्या पातळीपासून ६ मी.पेक्षा वर बसवू नये.