दाढेमागच्या गोळ्यांची कुळकथा

पाटणकडे अक्कलदाढ ठणकायला लागली की आधी दाढेखाली लवंग जाते, मग मेडिकलमधून गोळ्या येतात. गाल सुजून तोंड उघडेनासं झालं की मग कराडची एसटी. तिथं मलकापुरात दंत महाविद्यालय आहे. दाढ काढून परतणाऱ्याच्या पिशवीत बहुधा दोन प्रतिजैविकं असतात: अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल.

पहिलं पेनिसिलिनच्या घराण्यातलं. फ्लेमिंगला १९२८ साली बुरशीत सापडलेलं पेनिसिलिन महाराष्ट्रात बनू लागलं ते १९५५ साली, पिंपरीच्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्या कारखान्याला हात दिला होता. अमॉक्सिसिलिन हा धाकटा भाऊ १९७२ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आला.

दुसऱ्या गोळीचा दातांशी मुळात काही संबंधच नव्हता. मेट्रोनिडाझोल फ्रान्समध्ये तयार झालं ते बायकांच्या योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास या परजीवीसाठी. त्या दुखण्यावर ते घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्याही सडल्या होत्या. आठवड्याभरात त्याही बऱ्या झाल्या! डेव्हिड शिन या ब्रिटिश दंतवैद्यानं १९६२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं आणि हवेशिवाय जगणाऱ्या जीवाणूंवरचं औषध हाती आलं. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीखाली अन्न अडकतं, तिथं नेमके हेच जीवाणू माजतात. म्हणून ही जोडी जमली.

पण सूज उतरवायला दिलेलं औषध आणि जखम चिघळू नये म्हणून आधीच दिलेलं औषध, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन बर्क या शल्यविशारदानं १९६१ साली गिनीपिगांवर दाखवून दिलं, की जंतू जखमेत शिरण्याआधीच औषध तिथं पोचलेलं असेल तर संरक्षण सर्वांत चांगलं मिळतं. काही तासांनी दिलं तर ते जवळजवळ वाया जातं. दाढ निघाल्यावर घरी नेलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांना या तत्त्वाचा आधार मिळत नाही. कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात दात काढताना दिलेल्या प्रतिजैविकांच्या, निरोगी माणसांवरच्या २३ चाचण्या तपासल्या गेल्या. एका माणसाचा संसर्ग टाळायला सुमारे १९ जणांना प्रतिजैविक द्यावं लागतं, असा त्याचा हिशेब आहे. बाकीच्या अठरा जणांच्या वाट्याला फायदा काही नाही. जुलाब, अंगावर पुरळ यांचा धोका मात्र सगळ्यांनाच. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, ते गावातल्या प्रत्येकाला भोगावं लागतं.

ताप असेल, सूज मानेकडे पसरत असेल, गिळताना त्रास होत असेल तर प्रतिजैविक लागतं, आणि अशा वेळी उशीर जिवावर बेतू शकतो. मधुमेह ताब्यात नसेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल तर ते दाढ काढण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. तब्येत धडधाकट असेल तर मात्र विचारा, ‘डॉक्टर, मला या गोळ्या कशासाठी?’ आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या दाढेला देऊ नका.