तळटीप १४ : तालमूदमधला ‘येशू’

१४. लेखकाने ‘यहुदी ग्रंथ येशूला खोटा मसीहा म्हणतात’ असे एका वाक्यात उरकले आहे. प्रकरण तेवढे सरळ नाही. तनाख, म्हणजे यहुदी बायबल, येशूच्या आधीचा; त्यामुळे त्यात त्याच्याबद्दल थेट काही असणे शक्य नाही. त्यातल्या यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती वाचकाला येशू वाटतो, तर राशी या यहुदी भाष्यकाराला तो सबंध इस्राएल वाटतो. बाबिलोनी तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात (सॅनहेड्रिन ४३अ) मात्र जादूटोणा करून लोकांना बहकवल्याबद्दल ‘येशू’ला वल्हांडणाच्या आदल्या दिवशी टांगल्याचा उल्लेख आहे. गंमत म्हणजे हा दिवस योहानाच्या शुभवर्तमानाशी जुळतो. पण त्याच ग्रंथात अन्यत्र येशू हा येहोशुआ बेन पेराह्या यांचा शिष्य ठरतो, म्हणजे जवळपास शतकभर आधीचा! तालमूदवर पॅरिसमध्ये १२४० साली झालेल्या ख्रिस्ती-यहुदी वादात रब्बी येहिएल यांनी हाच धागा धरला : तालमूदमधला येशू निराळा. उपयोग झाला नाही. पुढे तालमूदची हस्तलिखिते गाड्या भरभरून जाळली गेली. नंतरच्या छापील प्रतींतून असे उतारे गाळले गेले, म्हणून अशा छापील आवृत्तीत ते सापडले नाहीत तर वाचकाने गोंधळू नये.

मध्ययुगीन यहुदी विचारवंत मायमोनिडीजचे येशूबद्दलचे मत जास्त रोचक. मसीहा हा माणूसच, देवपुत्र नव्हे. त्याने इस्राएलला सोडवायचे असते आणि येशूच्या हातून ते झाले नाही. तरीही त्याच्यामुळे तोरा आणि मसीहाची चर्चा दूरदूर पोहोचली, म्हणजे खऱ्या मसीहाची वाटच तयार झाली, असे तो म्हणतो. सेन्सॉरने हा उताराही कापला, त्यातल्या या कौतुकासकट.