बुडालेलें विमान आणि न बुडालेलें एंजिन

यशस्वी मनुष्याच्या घरीं इतिहास मुक्कामाला राहतो. अयशस्वी मनुष्याच्या दारावरून तो नुसता जातो. यांत इतिहासाचा फारसा दोष नाहीं. परंतु त्यामुळें पुष्कळदां असें होतें कीं, एखादा मोठा बेत फसला म्हणजे त्या बेतांत जें खरोखर साधलें होतें तेंही त्याच्याबरोबर बुडतें. विमानविद्येच्या इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे. ८ डिसेंबर १९०३ रोजीं वॉशिंग्टन शहराजवळ पोटोमॅक नदींत सॅम्युएल लँग्ले यांचें विमान कोसळलें. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं राइट बंधूंनीं किटी हॉक येथें उड्डाण केलें. दुसरी गोष्ट जग आदरानें सांगतें. पहिली सांगतांना हंसतें. परंतु त्या बुडालेल्या विमानांत जें एंजिन बसविलें होतें त्याला कोणीं हंसावें असें कांहीं नव्हतें. त्या एंजिनाविषयीं, आणि विशेषतः त्याच्या धाकट्या भावंडाविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लँग्ले हे मूळचे ज्योतिषशास्त्रज्ञ. १८८७ पासून स्मिथसोनियन या प्रख्यात संस्थेचे ते चिटणीस होते. विमान हा पोरखेळ आहे असें मोठमोठे विद्वान् म्हणत असतां त्यांनीं त्या विषयांत हात घातला. ६ मे १८९६ रोजीं त्यांचें वाफेवर चालणारें, मनुष्याविण उडणारें लहान विमान अर्ध्या मैलाहून अधिक अंतर हवेंतून गेलें. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल त्या वेळीं हजर होते. पुढें १८९८ सालीं अमेरिकेच्या युद्धखात्यानें मनुष्य वाहून नेणारें विमान करण्यास पन्नास हजार डॉलर मंजूर केले. आतां वाफ पुरेशी नव्हती. पेट्रोलचें हलकें एंजिन पाहिजे होतें. न्यूयॉर्कचे स्टीफन बाल्झर यांनीं बारा अश्वशक्तीचें एंजिन देण्याचा करार त्याच वर्षीं केला.

बाल्झर यांची कल्पना फिरत्या एंजिनाची होती. चाकाच्या आऱ्यांप्रमाणें पांच सिलिंडर बसवावयाचे आणि मधला दांडा स्थिर ठेवून सिलिंडरच गरगर फिरवावयाचे, असा तो घाट. कल्पना मोठी सुंदर, परंतु मागितलेली शक्ति कांहीं केल्या निघेना. तेव्हां चार्ल्स मॅन्ली नांवाचा, कॉर्नेल विद्यापीठांत यंत्रशास्त्र शिकलेला लँग्ले यांचा तरुण साहाय्यक पुढें आला. १९०० सालीं युरोपांतल्या कारखानदारांकडे जाऊन त्यानें चौकशी केली. इतक्या हलक्या वजनांत इतकी शक्ति देण्यास कोणी तयार होईना. परत येऊन त्यानें बाल्झर यांचें एंजिनच हातीं घेतलें आणि त्याचा मूळ विचार उलटा केला. सिलिंडर जागीं स्थिर राहिले, दांडा फिरूं लागला, आणि सिलिंडरांभोवतीं थंड पाणी खेळविलें. पातळ पोलादी सिलिंडरांना आंतून ओतीव लोखंडाचें अस्तर दिलें. पेट्रोलची वाफ हवेंत मिसळण्यासाठीं ट्युपेलो नांवाच्या झाडाच्या सच्छिद्र लाकडाचे तुकडे पेट्रोलांत भिजवून त्यांतून हवा ओढून घेण्याची युक्ति केली. शेवटीं त्या एंजिनानें मिनिटास ९५० फेऱ्यांत ५२ अश्वशक्ति दिली. पाणी आणि सर्व सरंजाम धरून त्याचें वजन सुमारें २०७ पौंड भरलें. १९०३ सालीं राइट बंधूंनीं वापरलेलें एंजिन सुमारें १८० पौंडांचें होतें, आणि त्याची शक्ति होती बारा अश्वांची! तुलना वाचकांनींच करावी.

परंतु आमचें कुतूहल अधिक आहे तें दुसऱ्याच एका एंजिनाविषयीं. मोठें विमान करण्यापूर्वीं लँग्ले यांनीं त्याची एक चतुर्थांश मापाची प्रतिकृति केली होती. मोठ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ४८ फूट, तर हिचा १२ फूट. तिच्यासाठीं त्याच घाटाचें पांच सिलिंडरांचें चिमुकलें एंजिन तयार झालें. जून १९०१ मध्यें, आणि एंजिन सुधारून पुन्हां ८ ऑगस्ट १९०३ रोजीं, ही प्रतिकृति खरोखर उडाली. पेट्रोलच्या शक्तीवर हवेपेक्षां जड यंत्र उडाल्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण मानतात. आज हौशी लोक ज्यांस खेळण्यांतलीं विमानें म्हणतात, त्यांच्या तारकाकार एंजिनांचा आद्य पूर्वज हाच.

अशा एंजिनांत सिलिंडरांची संख्या विषम कां, असा प्रश्न वाचकांस पडेल. चार ठोक्यांच्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडरास दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदांच स्फोटाची पाळी येते. पाळी एकाआड एक लावली तर पांचांत ती १, ३, ५, २, ४ अशी जाते, दोन फेऱ्यांत सर्वांना स्पर्श करते आणि पुन्हां पहिल्याकडे येते. दोन स्फोटांमधलें अंतर सर्वत्र सारखें राहतें, म्हणून एंजिन गुळगुळीत चालतें. सिलिंडर सहा असते तर १, ३, ५ झाल्यावर पाळी पुन्हां एकावरच आली असती आणि उरलेले तिघे उपाशी राहिले असते. पंगतींत एकाआड एक वाढीत गेलें तरी कोणी उपाशी राहूं नये, अशी ही विषम संख्येची किमया आहे.

हीं एंजिनें चालू करणें मात्र मोठें नाजूक काम. त्यांचें वैगुण्य त्यांच्या घाटांतच आहे. वरच्या सिलिंडरांतलें तेल खालीं ओघळतें; खालच्या सिलिंडरांत तें दट्ट्याच्या कडेनें झिरपून सांचतें. हवा दाबली जाते, परंतु तेल दाबलें जात नाहीं. अशा स्थितींत कोणी उतावळेपणानें जोर लावला तर दांडा वांकतो किंवा मोडतो. म्हणून मोठ्या विमानांतही एंजिन चालू करण्यापूर्वीं पंखा हातानें सावकाश फिरवून पाहण्याचा परिपाठ पडला. आणि लहान एंजिनाचा जाणता हौशी खालच्या सिलिंडरांचे प्लग काढून आधीं सांचलेलें तेल वाहूं देतो. १९४७ मध्यें अमेरिकेंत रे आर्डेन यांनीं ग्लो प्लग बाजारांत आणला, तेव्हां लहान एंजिनांतून ठिणगीचा सारा संभार गेला. प्लॅटिनमची एक बारीक तार विजेनें एकदां तापवावयाची. पुढें मेथॅनॉलच्या ज्वलनानेंच ती तप्त राहते. परंतु पांच सिलिंडर म्हटले म्हणजे पांच तारा तापवाव्या लागतात, आणि खालच्या तारा तेलानें भिजून विझण्याचा धोका असतोच. चार सिलिंडर चालत असतां पांचवा मुका राहिला तर तें कानाला लवकर कळतही नाहीं. हौशी मनुष्य मग प्रत्येक सिलिंडरावर पाण्याचा थेंब टाकून पाहतो. ज्यावर थेंब चुरचुरत नाहीं तो आळशी समजावा! ज्या पंक्तींत पुष्कळ जण मिळून काम करतात तींत एकाचा आळस सर्वांच्या आवाजांत लपतो, हा धडा केवळ यंत्रांपुरता नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, लहान प्रतिकृति उडाली, मोठें एंजिन उत्तम चाललें, मग मोठें विमान बुडालें कां? 'पिंडीं तें ब्रह्मांडीं' हें वेदांतांत खरें असेल, यंत्रशास्त्रांत तें खरें नाहीं. सर्व मापें चौपट केलीं म्हणजे पंखांचें क्षेत्र सोळापट होतें, परंतु वजन चौसष्टपटीकडे जातें. लहान सांगाडा जो भार लीलेनें सोसतो तो मोठ्याला मोडून टाकतो. ७ ऑक्टोबर १९०३ रोजीं, आणि पुन्हां ८ डिसेंबरला, नावेवरच्या रुळांवरून सुटतांच विमान पाण्यांत गेलें. लँग्ले यांनीं उड्डाणाच्या योजनेस दोष दिला. पुढच्या अभ्यासकांनीं बहुधा कमकुवत सांगाड्यास दिला. दोन्ही वेळां विमानांत बसला होता तो मॅन्लीच, आणि दोन्ही वेळां तो नदींतून जिवंत निघाला. एंजिनानें दोन्ही वेळां आपलें काम चोख केलें होतें. राइट बंधूंचें एंजिन दुबळें होतें. परंतु हवेंत तोल कसा सांभाळावा हें त्यांनीं आधीं ग्लायडरवर शिकून घेतलें होतें. ज्ञानानें शक्तीवर मात केली, ती अशी.

येथेंच कथा संपली असती तर बरें झालें असतें. लँग्ले १९०६ सालीं वारले. वृत्तपत्रांनीं त्यांची केलेली टवाळी त्यांच्या मित्रांस जिव्हारीं लागली होती. १९१४ सालीं स्मिथसोनियनच्या संमतीनें ग्लेन कर्टिस यांनीं तें जुनें विमान दुरुस्त केलें, त्यांत अनेक फेरफार केले आणि पाण्यावरून तें थोडें उडवून दाखविलें. तेवढ्या आधारावर, लँग्ले यांचें विमान मुळांतच उड्डाणास समर्थ होतें, असें संस्थेनें जाहीर केलें. ऑर्व्हिल राइट यांनीं चिडून आपलें विमान १९२८ सालीं लंडनच्या वस्तुसंग्रहालयांत पाठविलें. संस्थेनें आपलें विधान १९४२ सालीं परत घेतलें, आणि १७ डिसेंबर १९४८ रोजीं तें विमान वॉशिंग्टनला सन्मानानें स्थापन झालें. आमच्या मतें या अट्टाहासांत मित्रांनीं लँग्ले यांचें अधिकच नुकसान केलें. जें साधलें नव्हतें तें साधलें म्हणून सांगण्याच्या भरांत, जें निःसंशय साधलें होतें त्याकडे कोणाचें लक्षच राहिलें नाहीं. बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात तो असा!

मॅन्लीच्या एंजिनाचा थेट वंश चालला नाहीं, हेंही प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. तारकाकार एंजिन पुढें इतरांनीं स्वतंत्रपणें वाढविलें. १९२७ सालीं लिंडबर्ग यांनीं अटलांटिक ओलांडला तो नऊ सिलिंडरांच्या अशा एंजिनावर. आणि १९४७ च्या ऑक्टोबरांत आपले सैनिक श्रीनगरला उतरले ते ज्या डाकोटा विमानांतून, त्यांच्या प्रत्येक एंजिनांत चौदा सिलिंडर दोन ओळींत बसविले होते, प्रत्येक ओळींत सात, म्हणजे पुन्हां विषमच! या परंपरेच्या आरंभीं मॅन्लीचें नांव असावयास पाहिजे होतें; तें नाहीं, कारण त्याचें काम दुसऱ्याच्या अपयशांत गुंडाळलें गेलें. संपूर्ण बेताचा निकाल एक आणि त्या बेतांतल्या प्रत्येक कामाचा निकाल दुसरा, असें मानावयास आपण शिकलों तर अशा पुष्कळ माणसांना न्याय मिळेल. तो न्याय देण्यास खोटी स्तुति लागत नाहीं. हिशेब तेवढा नीट मांडावा लागतो.