वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर : आवृत्ती आणि परवाना निवडताना

ग्राहक बँकेच्या संकेतस्थळावर खात्यातील शिल्लक पाहतो किंवा विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरतो, तेव्हा त्याची मागणी स्वीकारून ती योग्य प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवणारे आणि उत्तर परत आणणारे सॉफ्टवेअर म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. जावा भाषेतील प्रणालींसाठी अपाचे टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, जेबॉस ईएपी, ओरॅकल वेबलॉजिक आणि आयबीएम वेबस्फिअर ही प्रमुख नावे आहेत. यांपैकी काही विनामूल्य मिळतात, तर काहींसाठी मोठी रक्कम मोजावी लागते. निवड करणाऱ्या संस्थेने मात्र किमतीआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात : परवान्याची मोजणी कशाच्या आधारे होते आणि बिघाड झाल्यास तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची.

परवान्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग पूर्णतः मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा. टॉमकॅट ‘अपाचे परवाना २.०’ अन्वये उपलब्ध आहे. कितीही संगणकांवर ते बसवता येते, त्यात बदल करता येतात आणि परवाना शुल्क द्यावे लागत नाही. मात्र हाच परवाना कोणतीही हमी देत नाही. शिवाय, टॉमकॅट जावाच्या वेब भागापुरते मर्यादित आहे. संदेशवहन किंवा एंटरप्राइज बीन यांसारख्या सुविधांवर बेतलेली प्रणाली त्यावर जशीच्या तशी चालत नाही.

दुसरा मार्ग वर्गणीचा. रेड हॅट कंपनीच्या पाठबळाने विकसित होणारे वाइल्डफ्लाय विनामूल्य आहे. त्याच पायावर उभे असलेले जेबॉस ईएपी वर्गणी भरून मिळते. वाइल्डफ्लायची नवी रूपे वरचेवर येतात आणि जुन्यांची देखभाल लवकर थांबते. ईएपीच्या एका मुख्य रूपाला मात्र अनेक वर्षे दुरुस्त्या मिळतात. येथे पैसे मुख्यतः या स्थैर्याचे आणि तांत्रिक साहाय्याचे असतात.

तिसरा मार्ग व्यावसायिक परवान्याचा. वेबलॉजिकच्या स्टँडर्ड, एंटरप्राइज आणि सूट अशा आवृत्त्या आहेत. अनेक सर्व्हर एकत्र जोडून एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम सांभाळण्याची ‘क्लस्टरिंग’ सुविधा स्टँडर्ड आवृत्तीत समाविष्ट नाही. त्यासाठी एंटरप्राइज आवृत्ती घ्यावी लागते. हा फरक खरेदीनंतर लक्षात आल्यास अंदाजपत्रक कोलमडते.

मोजणीचे गणित

एका संगणकात प्रत्येकी १६ कोअरचे दोन इंटेल प्रोसेसर आहेत असे समजू. ओरॅकलच्या नियमानुसार स्टँडर्ड आवृत्तीसाठी वापरातील सॉकेट मोजले जातात, म्हणजे दोन परवाने. एंटरप्राइज आवृत्तीसाठी ३२ कोअरला ०.५ या गुणकाने गुणले जाते, म्हणजे १६ परवाने. यंत्र तेच राहते, परवाने मात्र आठपट होतात. वापरकर्त्यांच्या संख्येवर आधारित परवानाही मिळतो. परंतु सर्वसामान्य नागरिकांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळावर वापरकर्ते मोजणे शक्य नसल्याने तो तेथे उपयोगी ठरत नाही.

आभासी यंत्रांमुळे गुंता वाढतो. व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने केलेली विभागणी परवान्यांची संख्या कमी करण्यासाठी ओरॅकलच्या धोरणात ग्राह्य नाही. आयबीएम अशी विभागणी मान्य करते. पण त्यासाठी वापर मोजणारे तिचे साधन बसवून त्याच्या नोंदी ठेवण्याची अट असते. अट पाळली नाही, तर संपूर्ण यंत्राच्या क्षमतेनुसार परवाने घ्यावे लागतात. विकासकांना विनामूल्य मिळणारी प्रत प्रत्यक्ष सेवेत वापरली जाणे, हीदेखील लेखापरीक्षणात अडचणीत आणणारी चूक आहे.

परवान्यानंतरचा खर्चही मोठा असतो. ओरॅकलचे वार्षिक साहाय्य शुल्क परवान्याच्या निव्वळ किमतीच्या २२ टक्के आहे. दरात वाढ झाली नाही असे धरले, तरी पाच वर्षांत ही रक्कम ११० टक्के, म्हणजे मूळ किमतीहून अधिक होते. सर्व्हरखाली चालणाऱ्या जावाचा परवानाही वेगळा तपासावा लागतो. २०२३ पासून ओरॅकलची जावा वर्गणी संस्थेच्या एकूण कर्मचारीसंख्येवर आकारली जाते. ओपनजेडीकेवर आधारित विनामूल्य पर्याय उपलब्ध असल्याने हा खर्च अनेकदा टाळता येतो.

विनामूल्य म्हणजे निर्धास्त नव्हे

अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या प्रणालीतून २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. सर्व्हरवर चालणाऱ्या अपाचे स्ट्रट्स या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील दोष त्यास कारणीभूत ठरला. त्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच विनामूल्य जाहीर झाली होती; कंपनीच्या संबंधित यंत्रणेत ती वेळेत बसवली गेली नाही. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे विनामूल्य सर्व्हर निवडणाऱ्या संस्थेने वाचलेल्या पैशांतून दुरुस्त्यांवर लक्ष ठेवणारे कुशल मनुष्यबळ नेमणे, किंवा तशी सेवा विकत घेणे, आवश्यक ठरते.

पैसे मोजूनही कायमस्वरूपी आश्वासन मिळतेच असे नाही. ओरॅकलने २०१३ मध्ये ग्लासफिश सर्व्हरच्या पुढील व्यावसायिक आवृत्त्या थांबवत असल्याचे जाहीर केले. मात्र त्याची मूळ संहिता खुली असल्याने तिच्यावरच आधारित पायारा सर्व्हर उभा राहिला आणि वापरकर्त्यांना पर्याय मिळाला.

सरकारी खरेदीचा निकष

केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणानुसार ई-प्रशासनाच्या निविदांमध्ये मुक्त स्रोत पर्यायाचा विचार अपेक्षित आहे आणि तो वगळणाऱ्या पुरवठादाराने कारण देणे आवश्यक आहे. व्यावसायिक सॉफ्टवेअरवर बंदी नाही. क्षमता, नियंत्रण, सुरक्षा, साहाय्य आणि संपूर्ण वापरकाळातील खर्च यांची तुलना करून निर्णय घ्यावा, असे हे धोरण सांगते. खासगी संस्था, सहकारी बँका आणि विद्यापीठांनाही हा निकष उपयोगी पडेल.

करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी पाच बाबी लेखी स्वरूपात हाती असाव्यात : प्रणालीला प्रत्यक्षात लागणाऱ्या सुविधा, मोजणीचे एकक, आभासी यंत्रांबाबतचा नियम, पाच वर्षांचा एकूण खर्च आणि सुरक्षा दुरुस्ती बसवण्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव. यांतील शेवटची बाब बहुतेक दरपत्रकांत नसते. ती संस्थेने स्वतःच ठरवायची असते.