मुदतबाह्य कर्ज
वसुलीचा दावा लावण्याची कायदेशीर मुदत उलटलेले कर्ज. मुदतीच्या कायद्यानुसार (1963) हातउसने, वचनचिठ्ठी वा विनातारण कर्जासाठी ही मुदत सर्वसाधारणपणे 3 वर्षे, तर गहाण स्थावरावरील रकमेसाठी 12 वर्षे असते. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी मुदतीबाहेरचा दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो. कर्ज मात्र बुडत नाही, दाव्याची वाट तेवढी बंद होते. मुदतीच्या आत कर्जदाराने सहीनिशी कर्ज कबूल केले की मुदत नव्याने मोजली जाते. मुदतीनंतर लिहून दिलेले फेडीचे वचनही करार कायद्याच्या (1872) कलम 25(3) प्रमाणे बंधनकारक ठरते, म्हणून अशा कागदावर सही जपून करावी.

आखूड मुदत कर्जदाराच्या पथ्यावर पडतेच असे नाही. 1859 च्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांना 3 वर्षे ठरवली, तेव्हा दख्खनचे सावकार मुदत संपत आली की व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील 1875 च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी असेच रोखे जाळले. पुढे 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने नोंदणीकृत दस्तांना 12 आणि इतरांना 6 वर्षे दिली. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगरपुरता होता.