पिल्लांची रात्रीची ऊब (इंदूर व माळवा)

अंड्यातून बाहेर आलेल्या कोंबडीच्या पिल्लांना अंगावर पिसे भरेपर्यंत बाहेरून द्यावी लागणारी उष्णता. कुक्कुटपालक याला ब्रूडिंग म्हणतात. उन्हाळ्यात ती सुमारे तीन आठवडे लागते, थंडीत चार-पाच. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. जानेवारीत इथली दुपार २६-२७ अंशांपर्यंत तापते आणि पहाटेचा पारा सरासरी १० अंशांच्या आसपास उतरतो; थंडीची लाट आली तर आणखी बराच खाली. ‘शब-ए-मालवा’ म्हणून ज्या रात्रींची ख्याती आहे, त्यांचाच गारवा पिल्लांच्या जिवावर उठतो. पिल्लू जेमतेम ३५-४० ग्रॅमचे, अंगावर नुसती लव, आणि शरीराचे तापमान स्वतः राखण्याची ताकद यायला दीड-दोन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवायची.

थंडी वाढली की पालकाचा हात पहिल्यांदा पडद्यांकडे जातो. सगळ्या फटी बुजवल्या की आतली ऊब टिकेल, हा समज समजण्याजोगा आहे, कारण वाऱ्याचा झोत पिल्लांना खरोखर घातक असतो. तरीही बंद खोली हा उपाय चुकीचा आहे. पिल्लांचा श्वास आणि विष्ठा यांतून रात्रभर ओल सुटते, अंथरलेले तूस दमट होते, अमोनिया साचतो; ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतूही फोफावतात. म्हणून झोत खालून अडवावा आणि दमट हवेला वरून वाट ठेवावी. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या दीड फूट उंच गोल कड्याने पहिले काम होते. कडे गोल असावे, कारण घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात. त्याच्या मधोमध दिवा आणि कडेला थोडी गार जागा ठेवली, की आपल्याला सोसेल ती जागा पिल्लू स्वतः निवडते. थर्मामीटर एका बिंदूचे तापमान सांगतो. पिल्लांची बसण्याची ठेवण साऱ्या कड्याचे सांगते. दिव्याखाली घोळका करून चिवचिवाट असेल तर ऊब कमी, कडेला पळून चोची उघडलेल्या असतील तर जास्त, सगळी एकाच बाजूला असतील तर कुठून तरी झोत येतो आहे. हे पाहायचे ते पहाटे चारच्या सुमारास. रात्री नऊला बेताचा वाटलेला दिवा तेव्हा अपुरा पडतो.

खुडूक कोंबडी कोणत्याही यंत्राशिवाय पिल्ले वाढवते, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण तिच्या पंखाखालीही हेच घडते: पिल्लू ऊब घेते, बाहेर येते, पुन्हा शिरते. शिवाय दहा-बारा पिल्लांना ती पुरते, शेकड्यांना पुरत नाही. इंदूरच्या पश्चिमेला झाबुआत कडकनाथ कोंबडी आहे. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही कोंबडी अंड्यांवर फारशी नेटाने बसत नाही, म्हणून तिची अंडी पूर्वापार दुसऱ्या गावरान कोंबडीखाली ठेवली जात. मागणी वाढल्यावर उबवणी यंत्रांतून पिल्ले निघू लागली आणि त्यांना आईच उरली नाही. कडकनाथ काटक आहे खरा, पण तो काटकपणा मोठ्या पक्ष्याचा. एक दिवसाचे पिल्लू इतर पिल्लांइतकेच नाजूक असते.

पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त देत असे. त्याच्या जागी एलईडी लावला तर खोली उजळते, पिल्ले मात्र गारठतात; उष्णतेसाठी इन्फ्रारेड दिवा किंवा हीटरच हवा. वीज गेली तर कोळशाची सिगडी कामी येते, पण बंद खोलीत तिचा कार्बन मोनॉक्साइड पिल्लांचा आणि राखणीला झोपलेल्या माणसाचाही जीव घेतो. धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर सिगडी आत ठेवू नये.