छायाचित्रकार विकतो काय? कागद की कसब?

१/
दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. साकोली तालुक्यातील एकोडीच्या पंचक्रोशीतल्या अशाच एखाद्या मंडईत पन्नास वर्षांपूर्वीची दोन दुकाने शेजारी-शेजारी आहेत, अशी कल्पना करावी. एकात देवादिकांच्या व पुढाऱ्यांच्या तसबिरी मांडल्या आहेत. दुसऱ्यात रंगवलेला पडदा टांगला असून त्यापुढे एक कुटुंब फोटोसाठी ताठ उभे आहे. दोन्हीकडून गिऱ्हाईक चित्र असलेला कागद घेऊन जाते आणि दोन्हीकडे पैसे मोजते. तरीही त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने पहिला माल विकत होता, दुसरा विकत नव्हता. हा भेद कसा निर्माण झाला आणि कसा पुसला गेला, त्याचा हा इतिहास.

२/
छापील चित्र ही महाराष्ट्राच्या बाजारातील जुनी वस्तू. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना सुरू झाला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. देवळातला देव आणि राजवाड्यातले चित्र यांमुळे सामान्यांच्या भिंतीवर आले. अशी तसबीर कोणीही कोणालाही विकू शकतो. घरच्या माणसांच्या फोटोचे तसे नाही. त्याला त्या घराबाहेर गिऱ्हाईक नाही. पुढच्या वादाचे मूळ या साध्या फरकात आहे.

३/
एकोणिसाव्या शतकात यातले काहीच विक्रीकराच्या कक्षेत नव्हते, कारण असा करच नव्हता. सरकारचा भर जमीनमहसूल, मीठ, अबकारी आणि जकात यांवर होता. ‘मालाच्या विक्रीवरील कर’ हा विषय १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांच्या यादीत घातला. प्रांतांना शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी पैसा हवा होता. हाती आलेले हे साधन वापरून पाहणे साहजिकच होते.

४/
या अधिकाराची पहिली मोठी कसोटी विदर्भाच्या भूमीवर लागली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडाने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. भंडारा जिल्हा याच प्रांतात होता. केंद्र सरकारने हरकत घेतली : हा विक्रीकर नसून उत्पादनशुल्क आहे आणि ते बसवण्याचा अधिकार आमचा आहे. प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्यासह शाह मुहम्मद सुलेमान आणि मुकुंदराव जयकर हे न्यायाधीश होते. तिघांनीही प्रांताच्या बाजूने मत दिले.

५/
वाट मोकळी झाली. मद्रास प्रांताने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळे आटलेले उत्पन्न भरून काढणे हा त्यामागचा एक हेतू होता. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा १९४७ चा. ठरावीक मर्यादेहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, विवरणपत्र भरायचे आणि कर जमा करायचा, अशी ही रचना. मंडईतला लहान दुकानदार बहुधा त्या मर्यादेखालीच राही. शहरातल्या चालत्या स्टुडिओची गोष्ट वेगळी होती.

६/
१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या प्रांताचे दोन भाग झाले. भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तर शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १ जानेवारी १९६० पासून १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा विदर्भालाही लागू झाला. कालपर्यंत एका कायद्याखाली असलेल्या दोन बाजारांमध्ये आता राज्याची सीमा आली.

७/
दरम्यान न्यायालयांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला होता : विक्री म्हणजे नेमके काय? इंग्लंडमध्ये १९३५ साली रॉबिन्सन विरुद्ध ग्रेव्ह्ज या खटल्यात, चित्रकाराकडून व्यक्तिचित्र काढून घेणे ही मालाची खरेदी नव्हे, असे ठरले होते. कॅनव्हास आणि रंग दुय्यम, चित्रकाराचे कौशल्य मुख्य. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गॅनन डंकर्ले खटल्यात इमारत बांधून देण्याच्या कराराबाबत असाच निर्णय दिला. बांधकामात वापरलेल्या विटा-सिमेंटची स्वतंत्र विक्री होत नाही, म्हणून राज्याला त्यावर विक्रीकर घेता येणार नाही.

८/
मग पाळी आली छायाचित्रकाराची. मध्य प्रदेशातील एका स्टुडिओमालकाकडे विक्रीकर खात्याने कर मागितला. खात्याचे म्हणणे असे, की तुम्ही गिऱ्हाइकाला प्रत देता आणि पैसे घेता, तेव्हा ही विक्रीच. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ च्या निकालसंग्रहांत आलेला निर्णय छायाचित्रकाराच्या बाजूने लागला. फोटो काढणे, निगेटिव्ह धुणे आणि प्रत तयार करून देणे हा कसब व श्रमांचा करार आहे. गिऱ्हाईक कागदासाठी येत नाही. मात्र छायाचित्रकाराने बाजारातून आणलेला माल तसाच विकला, तर ती विक्रीच ठरे.

९/
या निकालाने पैशाबरोबर प्रतिष्ठेचाही प्रश्न सोडवला. अंधाऱ्या खोलीत रसायनांचा वास घेत, उजेडाचा अंदाज बांधत काम करणारा माणूस दुकानदार की कलावंत? न्यायालयाचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता. एकाच दुकानात फिल्मचा रोल विकला तर कर आणि त्याच रोलवर फोटो काढून दिला तर कर नाही, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

१०/
राज्यांना हे मानवणारे नव्हते. बांधकामापासून फोटोपर्यंत मोठे क्षेत्र त्यांच्या हातून निसटत होते. अखेर १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये २९-अ हे खंड जोडले. कामाच्या करारात वापरलेला माल गिऱ्हाइकाकडे गेला, तर तेवढ्यापुरती विक्री झाली असे मानता येईल, अशी ती तरतूद. महाराष्ट्रानेही कामाच्या करारांवरील विक्रीकरासाठी स्वतंत्र कायदा केला. तो १९८९ मध्ये नव्या रूपात आला.

११/
तरीही वाद शमला नाही. २००० मध्ये पुन्हा मध्य प्रदेशातूनच रेनबो कलर लॅबचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला आणि छायाचित्रकार पुन्हा जिंकला. पण दुसऱ्याच वर्षी अधिक न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली. २०१३ मध्ये लार्सन अँड टुब्रो प्रकरणात, कराराचा मुख्य हेतू कोणता, ही कसोटी अशा करारांना लागू नाही, असे ठरले. जानेवारी २०१५ मध्ये कर्नाटकातील प्रो लॅब प्रकरणात फोटो धुऊन प्रती देण्यातील मालावर कर घेण्याचा राज्याचा अधिकार मान्य झाला. कागद अखेर जिंकला.

१२/
तोवर कागदाचेच दिवस भरत आले होते. फोटो मोबाईलमध्ये राहू लागला आणि डार्करूमला कुलूप लागले. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. विक्री की सेवा, या प्रश्नाऐवजी ‘पुरवठा’ हा एकच शब्द कायद्याच्या मध्यभागी आला.

१३/
भेद मात्र समूळ गेला नाही. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाखांची आहे. तसबिरी विकणारा आणि फोटो काढून देणारा आजही वेगवेगळ्या रेषांवर उभे आहेत. आणखी एक मेख आहे. एकोडीकडच्या एखाद्याने स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या प्रती छत्तीसगडच्या मंडईत नेऊन विकायच्या ठरवल्या, तर उलाढालीची ही सवलत साधारणपणे मिळत नाही. त्या राज्यात आधी तात्पुरती नोंदणी करावी लागते. मंडईच्या परंपरेने सीमा कधी ओळखली नाही, कराने ती ओळखली.

१४/
कायद्याला वस्तू मोजता येते, तिचा दर ठरवता येतो. कसब मोजणे त्याला नेहमीच अवघड गेले. म्हणून एका फोटोच्या प्रतीने सुमारे चार दशके सरकारे आणि न्यायालये गुंतवून ठेवली. मंडईतल्या पडद्यापुढे उभ्या राहिलेल्या त्या कुटुंबाला यातले काही ठाऊक नसेल. आपण कागदाचे पैसे दिले की त्या क्षणाचे, हे मात्र त्याला कधीच कोणी समजावून सांगावे लागले नाही.